खिचडी खाऊन लेकीकडे

प्रल्हादराव खांबेटे यांना आयुष्यभर संशय घेण्याचा पगार मिळाला. न्यू जर्सीतल्या एका औषधाच्या कारखान्यात ते क्वालिटी विभागात होते. समोर गोळ्यांची बॅच यायची, सोबत सगळं उत्तम असल्याचे कागद यायचे, आणि त्या कागदांवर विश्वास ठेवायचा नाही हे प्रल्हादरावांचं काम होतं. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की त्यांच्या हाताखालून गेलेला माल दुसरं कुणी पुन्हा तपासतही नसे. एक गुण मात्र त्यांच्यावर खार खाणारेही मान्य करीत. हा माणूस चांगल्याला वाईट म्हणत नाही, आणि वाईटाला चांगलं तर मुळीच म्हणत नाही. अडचण एवढीच होती की संध्याकाळी संशय लॉकरमध्ये ठेवून घरी यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सेल लागला की आधी किमती वाढवल्या असणार. फुकट दिलं की कुठेतरी पाणी मुरत असणार. शेजाऱ्याने हसून गुड मॉर्निंग म्हटलं की त्याला शिडी हवी असणार. आणि बाहेर खायचं म्हटलं की मग विचारूच नका. त्याला कारणही होतं म्हणा. सांगलीहून अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रोज भाज्यांचं सूप घेतलं. गाजर दिसत होतं, वाटाणे दिसत होते, शाकाहारी माणसाला आणखी काय हवं असतं? बर्फ वितळायच्या सुमाराला कॅन्टीनवाल्या बाईने मोठ्या कौतुकाने सांगितलं की या सुपाची खरी चव गाईच्या हाडांची, ती आम्ही रात्रभर उकळतो. प्रल्हादराव त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले आणि डोक्यावरून अंघोळ केली. आईला हे त्यांनी शेवटपर्यंत कळवलं नाही.

तेव्हापासून अमेरिकेतला कुठलाही वेटर त्यांच्या तावडीतून सहजासहजी सुटला नाही. सुपात काय, भातात कुठलं पाणी, चीज कशाने विरजलं, ॲपल पायच्या पारीत चरबी आहे का, आणि तुम्ही हे आत जाऊन विचारलंत की इथेच उभं राहून ठोकून देताय? एकदा विचारून भागायचं नाही. त्यांची मुलगी नेत्रा लहान असताना या चौकशीच्या वेळी मेन्यूकार्ड उघडून त्याच्यामागे तोंड लपवायची. ते राहत त्या पार्सिपनीतल्या मराठी मंडळींना मात्र त्याचा फायदा झाला. कुठल्याही नव्या हॉटेलात जायचं तर आधी प्रल्हादकाकांना विचारायचं, असा रिवाजच पडला होता.

आणि अशा माणसाच्या मुलीने काय करावं? कॉम्प्युटर सायन्स शिकलेली, कंपनीत चांगली चिकटलेली नेत्रा एक दिवस राजीनामा देऊन कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका स्कीच्या गावात गेली आणि एका महागड्या हॉटेलात कांदे चिरायला लागली. प्रल्हादरावांना वाटलं, दोन महिन्यांत बोटं कापून घेईल आणि परत येईल. ती आली नाही. कांद्यावरून शेगडीवर गेली, शेगडीवरून मालकिणीच्या उजव्या हाताला उभी राहिली. पार्सिपनीत प्रल्हादराव सांगत, नेत्रा हॉस्पिटॅलिटीत आहे. तिच्या हातून रोज काय काय कापलं जात असेल, याचा विचार ते करत नसत. करायची वेळ आली की टीव्हीचा आवाज वाढवत.

दर रविवारच्या फोनवर भांडण ठरलेलं. एका बशीत तीन पानं वाढून श्रीमंतांना लुटायचा धंदा आहे तो, असं ते म्हणत. मग ती फोन आईकडे द्यायला सांगे. शेवटी दिवाळीत तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, तुम्ही तिथे टेबलावर बसून माझ्या हातचं एकदाही जेवला नाहीत. एकदा या, जेवा आणि मग बोला. वर्थ नाही म्हणालात तर मी ऐकेन. पण तोवर एक शब्द नाही." प्रल्हादरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, कारण एवढी सरळ अट त्यांना उभ्या आयुष्यात कुणी घातली नव्हती. पण त्यांनी ती मान्य केली. कारखान्यातल्या एका जुन्या गुजराती मित्राचा मुलगा देवांग याची जवळच पिस्कॅटवेला कंपनी होती आणि तो नेत्राला कधीही नोकरीवर घ्यायला तयार होता. हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत प्रल्हादराव आणि त्यांची बायको शैलाताई त्या गावात उतरली. बॅगेत स्वेटरांच्या मधोमध शैलाताईंचा छोटा कुकर होता, मुगाची डाळ होती, आंबेमोहोर होता, तुपाची बाटली होती. सुट्टीला जाताना अर्धं स्वयंपाकघर बरोबर न्यायचं आणि किचन असलेलीच जागा भाड्याने घ्यायची, ही त्यांच्या घरची रीत. नेत्रा स्टॉपवर घ्यायला आली होती. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती, मनगटावर भाजल्याचे डाग होते. गाडीतच तिने सांगून टाकलं की मालकीणबाई आता थकल्या आहेत, या उन्हाळ्यापासून अख्खं किचन तिच्या हाती द्यायचं म्हणतात, आणि रविवारी उत्तर हवं आहे.

"मी शनिवारी तुमचं जेवण झाल्यावर ठरवणार," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते."

प्रल्हादराव खिडकीतून बाहेर बघत हूं म्हणाले. मनात म्हणाले, अगदी वेळेवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाची तपासणी सुरू केली. गाव सुंदर होतं, आणि तिथेच त्यांना पहिला संशय आला. इतकं नीटनेटकं काही असतं का? दुकानात चक्क डब्यात भरलेला ऑक्सिजन विकायला ठेवला होता. उंचीमुळे धाप लागते, डोकं दुखतं, म्हणून लोक तो हुंगत फिरतात. आधी माणसाला वर आणायचं आणि मग त्यालाच हवा विकायची, या हिशेबाचं त्यांना मनोमन कौतुक वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, दारात काचेच्या पेटीत मेन्यू लावलेले. प्रल्हादराव प्रत्येक पेटीसमोर हात मागे बांधून उभे राहत आणि वाचत. एका गाजराच्या पदार्थाला जी किंमत होती तिच्यात पार्सिपनीत घोड्याला पुरतील एवढी गाजरं आली असती. लोकांचे स्कीचे बूट मागून खाडखाड वाजत जात होते आणि हे आपले गाजरासमोर उभे.

गावातल्या फुकट बसच्या ड्रायव्हरलाही त्यांनी गाठलं. तीस वर्षं इथे राहतो म्हणाला. मग त्या अमक्या हॉटेलात जेवलास का कधी, असं प्रल्हादरावांनी विचारलं, पण ते आपल्या मुलीचं आहे हे सांगितलं नाही. ड्रायव्हर हसून म्हणाला की तिथे पाहुणे जातात, आम्ही पेट्रोल पंपावरचा बरीटो खातो. झालं! प्रल्हादरावांना साक्षीदार मिळाला. पार्सिपनीच्या बाळ आठवल्यांनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, कारण एप्रिलआधी नातवंडांना घेऊन त्यांनाही याच गावात यायचं होतं. तिथली महागडी हॉटेलं वर्थ आहेत का, काका, तुम्ही सांगाल तसं बुक करतो. प्रल्हादरावांनी बसमध्येच फोन काढून उत्तर लिहिलं, "पैसे फुकट. कुकर आणा." पाठवायचं तेवढं ठेवलं. जेवायच्या आधी पाठवणं बरं दिसलं नसतं, इतपत न्यायबुद्धी त्यांच्यात होती.

शनिवारी टेबल संध्याकाळी सहाचं होतं. चार वाजता प्रल्हादराव किचनमध्ये येऊन म्हणाले, जरा खिचडी टाक.

शैलाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मुलीने जेवायला बोलावलंय, त्या म्हणाल्या, आणि तुम्हाला आत्ता खिचडी? प्रल्हादरावांकडे उत्तरं तयार होती. तिथे बशीत तीन पानं येणार. आपली शुगरची गोळी आहे, या वयात उपाशी राहून चालत नाही. शिवाय तिने कितीही सांगितलं तरी शेजारच्या शेगडीवर कशाचं पातेलं असेल आणि कुठला डाव कशात बुडेल, याचा भरवसा काय? दोन घास चाखून उठता यावं म्हणून पोटाला आधार हवा. हे सगळं त्यांना अत्यंत शहाणपणाचं वाटत होतं. आपल्याकडे लग्नाला जातानाही पंगतीला उशीर होईल म्हणून माणसं घरून चार घास खाऊन निघतात, तसंच हे.

शैलाताईंनी कुकर लावला. त्या उंचीवर साध्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही, पण कुकरने लाज राखली. खिचडी मऊ झाली होती, वर तूप, शेजारी भाजलेला पापड. प्रल्हादराव जेवले. मग आणखी थोडी घेतली. डोंगरातल्या हवेने भूक लागते म्हणतात ते खरं दिसतंय, असं म्हणत तिसऱ्यांदाही घेतली. शैलाताईंनी ताट घेतलं नाही. त्या नुसत्या चहा घेऊन खिडकीशी बसून राहिल्या.

हॉटेल आतून लहान होतं. लाकडी टेबलं, मंद दिवे आणि स्वयंपाकघर उघडंच. मधे फक्त एक लांब ओटा. ओट्यापलीकडे पांढऱ्या कोटात नेत्रा उभी होती. तिने हात वर केला नाही, फक्त मान हलवली. आपल्याकडे बघून मान हलवणारी ती मुलगी प्रल्हादरावांना क्षणभर अनोळखी वाटली. वाढायला एक उंच पोरगा आला. मेन्यू नव्हताच. जे येईल ते खायचं, नऊ पदार्थ आहेत, असं तो म्हणाला. नऊ हा आकडा ऐकून शैलाताईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. प्रल्हादरावांनी ती टाळली आणि सवयीप्रमाणे पोऱ्याला धरलं. हाडांचं पाणी कशात आहे का? नाही, सर. नक्की? नक्की, सर. आत जाऊन विचारून सांगताय की इथूनच?

पोरगा अदबीने म्हणाला, "सर, शेफने सांगितलंय की तुम्ही तीनदा विचाराल. तुमच्यासाठी दोन दिवस वेगळी पातेली, वेगळे चाकू आणि वेगळा ओटा ठेवलाय. आज या खोलीतलं प्रत्येक सूप आणि सॉस भाज्यांच्याच पाण्यातलं आहे. सगळ्या टेबलांचं."

प्रल्हादरावांनी नॅपकिन मांडीवर पसरला. एवढी व्यवस्था कुणी उगाच करत नाही, असं त्यांच्या मनात आलंच. पण त्या विचाराला नेहमीची धार नव्हती.

पहिली बशी आली. बीटाचे पातळ काप, वर काहीतरी आंबट, दह्यासारखं. त्यांनी चव घेतली आणि भुवई वर गेली. दुसरी आली, भाजलेल्या लीकची, म्हणजे कांद्याच्या जाड पातीची. तिसरा बटाटा होता, आणि बटाट्याबद्दल प्रल्हादरावांना सांगलीपासून सगळं माहीत होतं, असा त्यांचा समज होता. त्यांनी दोष शोधला. खरोखर शोधला, हयातभर शोधला तसा. सापडेना. दोष सापडत नाही म्हणजे तो खोल कुठेतरी असणार, असं म्हणत त्यांनी आणखी एक घास घेतला. बशीत तीन पानं वगैरे नव्हती. प्रत्येक बशी पुरेशी भरलेली होती.

चौथ्या बशीला खिचडी जागी झाली. त्या उंचीवर आधीच सगळं संथ चालतं, त्यात तूप. बरगड्यांखाली दगड ठेवावा तसं झालं. पाचवी आली. बार्ली आणि मशरूम, काळपट रश्श्यात, खोलगट वाडग्यात. वास असा की बाजूच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने डोळे मिटले. प्रल्हादरावांनी एक चमचा खाल्ला. या पोरीला हे कोणी शिकवलं, असा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि दुसरा चमचा वर जाईना. त्यांनी हळूच वाडगा शैलाताईंकडे सरकवला. शैलाताईंनी स्वतःचं संपवलं होतं, त्यांनी यातलंही थोडं खाल्लं आणि मग त्यांनीही हात टेकले. पोरगा जवळजवळ भरलेला वाडगा उचलून घेऊन गेला.

परत जाणाऱ्या वाडग्याकडे प्रल्हादराव बघत होते, म्हणून त्यांना पुढचं दिसलं. वाडगा ओट्यावर गेला. नेत्राने त्यात बघितलं. कुठल्या टेबलाचा आहे ते विचारलं असावं, कारण पोऱ्याने मान इकडे वळवली. मग तिने शेगडीवरच्या पातेल्यात चमचा घातला, चाखलं. पुन्हा चाखलं. शेजारच्या मुलाला चाखायला लावलं. तो खांदे उडवून ठीक आहे म्हणाला असणार. ती थांबली, आणि तिने ते अख्खं पातेलं उचलून बाजूला केलं, दुसरं चढवलं. म्हणजे आता खोलीतल्या सगळ्यांना तो पदार्थ नव्याने येणार होता. कारण एका माणसाने तो परत पाठवला होता.

प्रल्हादरावांनी कॉलरचं बटण सैल केलं. सहावी, सातवी बशी आली आणि जवळजवळ तशीच गेली. प्रत्येक वेळी ती बशीत बघत होती. आठव्या पदार्थाच्या वेळी ती चमच्याने नुसती चाखत राहिली, एखाद्याला घराचं कुलूप लावलं की नाही ते आठवेनासं व्हावं तशी. त्यांना उठून ओट्यापाशी जावंसं वाटलं. पण सबंध खोलीतून, एवढ्या लोकांमधून जाऊन सांगायचं काय, की मी घरून खिचडी खाऊन आलोय? ते बसून राहिले आणि पाणी पीत राहिले.

शेवटी नेत्रा हात पुसत टेबलाशी आली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते ओढूनताणून आणलेलं.

"नाही आवडलं?"

नेमक्या याच वेळी खरं बोलायचं होतं. शैलाताई नवऱ्याकडे बघत होत्या. प्रल्हादरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "चांगलं होतं. बार्लीत मीठ जरा पुढे वाटलं."

का म्हणाले? त्यांनाही कळलं नाही. काहीतरी कारण द्यायला हवं होतं आणि दोष काढायची जीभ सवयीने चालली. उभ्या आयुष्यात त्यांनी चांगल्या मालावर खोटा शेरा मारला नव्हता. तो पहिला शेरा त्यांनी पोटच्या पोरीवर मारला. नेत्राने वाद घातला नाही. तिने नुसती मान हलवली.

"मलाही वाटलंच," ती म्हणाली.

घरी परतताना बसमध्ये शैलाताईंनी शाल आवळून घेतली. मग म्हणाल्या, "ती तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. तुम्ही उगाच नावं ठेवत नाही म्हणून. खिचडी खाल्ली होती एवढं सांगता आलं नाही तुम्हाला?" फोन काढून प्रल्हादरावांनी आठवल्यांसाठी लिहून ठेवलेलं उत्तर पुसलं. दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही.

रविवारी सकाळी नेत्रा आली. प्रल्हादराव नुसत्या चहावर बसले होते, पोहे त्यांनी नको म्हटले होते. ती कोट न काढताच खुर्चीच्या कडेला टेकली आणि म्हणाली की ती मालकीणबाईंना दुपारी नाही म्हणून सांगणार आहे. रात्री तिने खूप विचार केला. किचन चालवायचं तर जिभेवर भरवसा हवा. काल तिला स्वतःलाच मीठ कळेना, अख्खं पातेलं बदललं तरी कळेना. "तुम्ही इतकी वर्षं सांगताय, बाबा. आय थिंक यू वेअर राइट. देवांगला सांगा हवं तर."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं घरी चालत आलं होतं. नुसतं बरं म्हणायचा अवकाश होता. प्रल्हादरावांना इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मीठ बरोबर होतं," ते म्हणाले. "मी जेवून आलो होतो. चार वाजता खिचडी खाल्ली, तीनदा वाढून घेतली. पोटात जागा नव्हती. मी खोटं बोललो."

नेत्रा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला, आणि प्रल्हादरावांच्या लक्षात आलं की तिचा विश्वास बसलेला नाही.

"बाबा, मला बरं वाटावं म्हणून असं नका करू."

त्यांनी शैलाताईंकडे बोट दाखवलं. शैलाताईंनी सांगितलं, खरं आहे, मीच कुकर लावला. नेत्राने आईकडे बघून मान हलवली. तुम्ही दोघांनी रात्री बसून ठरवलंत ना हे, ती म्हणाली. शैलाताईंनी फ्रिज उघडून उरलेली खिचडी दाखवली. ती आज सकाळीही करता येते, नेत्रा म्हणाली. प्रल्हादराव चाटच पडले. पुरावा समोर ठेवला तरी न मानणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं, आणि ते त्यांच्याच घरात वाढलेलं होतं. मेन्यूकार्डामागे तोंड लपवून ही पोरगी नुसती लाजत नव्हती, सगळं शिकतही होती!

"मी काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीये," ते अखेर म्हणाले. "मला भूक लागलीये. ती बार्ली मला कर. मग मालकिणीला काय सांगायचं ते सांग."

तिने घड्याळ बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि चला म्हणाली.

हॉटेलच्या मागच्या दाराने ते आत गेले. दिवसाउजेडी खोली साधी दिसत होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. शैलाताई एक खुर्ची उतरवून बसल्या. प्रल्हादराव ओट्याच्या अलीकडे उभे राहिले आणि नेत्रा पलीकडे. तिने बार्ली काढली, कालच्या भाज्यांचं पाणी काढलं, मशरूम चिरले. तिचा हात भरभर चालत होता आणि डोळे मात्र दर थोड्या वेळाने वर येऊन बापाचा चेहरा तपासत होते. प्रल्हादरावांच्या पोटात खरोखर कावळे ओरडत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की पातेलं कुठलं आणि चमचा कशातला. विचारायचं राहूनच गेलं.

वाडगा समोर आला. प्रल्हादरावांनी उभ्या उभ्याच पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. नेत्रा ओट्यावर दोन्ही हात टेकून त्यांच्याकडे बघत होती. तिला काय दिसेल असं वाटत होतं ते स्पष्ट होतं. बाप डोळे मिटणार, वा वा म्हणणार, आणि मग तिची खात्रीच पटणार की हे सगळं तिला समजावण्यासाठी चाललंय.

प्रल्हादरावांना ते कळत होतं. वा म्हटलं तर ती मानणार नाही. आणि वा म्हणण्यासारखं ते नव्हतंही. कपाळावर आठी घालून त्यांनी तिसरा घास घेतला, नीट घोळवला, आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

नेत्राचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

"बरंच कमी आहे. काल एक चमचा खाल्ला तेव्हा बरोबर होतं. आज तू अर्धंसुद्धा घातलं नाहीस. आणि काल मागून काहीतरी आंबट येत होतं, तेही आज नाही. हे मी पास करणार नाही."

शैलाताईंनी कपाळाला हात लावला. पण नेत्राच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. खांदे, सकाळपासून वर धरून ठेवलेले, खाली आले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले तेव्हा डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"आंबट मुद्दाम नाही घातलं," ती म्हणाली. "मीठ पण मुद्दाम कमी घातलं. बघायचं होतं, तुम्ही चांगलं म्हणता का."

"मला माहीत नव्हतं," प्रल्हादराव म्हणाले, आणि ते खरं होतं. आपल्या मुलीने आपली परीक्षा घेतली याचा त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी ऊर भरून आला.

नेत्राने वाडगा ओढून घेतला, सगळं परत पातेल्यात ओतलं आणि शेगडी पेटवली. रस्सा खदखदायला लागला. तिने मिठाचा डबा उघडला, चिमूट भरली आणि पातेल्यावर हात थांबवून वर बघितलं. अजून थोडी शंका उरली होतीच, एवढ्यात कुठे जायची.

"किती, बाबा?"

प्रल्हादरावांच्या ओठांवर आकडा आला होता. तो त्यांनी गिळला.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "तुला कळतं."